मल्टीचा कचरा कोणाच्या हाती द्यायचा? इंदूरच्या नव्या रहवासी संघांसाठी

इंदुरात नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, कचऱ्याचं काय ते या गावाने केव्हाच निस्तरलंय. २०१७ ते २०२३ स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिला नंबर, सकाळी गाणं वाजवत येणारी निगमची (म्हणजे महापालिकेची) गाडी, रस्त्यावर कचराकुंडी औषधालाही नाही. मग रहवासी संघाने निवडायचं ते काय?

सुदामा नगरात किंवा लोकमान्य नगरात स्वतंत्र घर असेल तर खरंच फारसं काही नाही. गाडी दाराशी येते, आपण डबे घेऊन उतरायचं, झालं. प्रश्न आहे मल्टीचा, म्हणजे फ्लॅटच्या बहुमजली इमारतीचा, आणि टाउनशिपचा. तिथे गाडी बहुतेक ठिकाणी गेटपर्यंत येते. सातव्या मजल्यावरच्या दारापासून गेटपर्यंत डबे कोणी आणायचे, मिसळलेला कचरा वेगळा कोणी करायचा, गाडी चुकली त्या दिवशी तो ठेवायचा कुठे, हे ज्याचं त्याने बघायचं. बिल्डरची हाउसकीपिंगची माणसं असतात तोवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मग बिल्डर हात काढून घेतो, नवी समिती बसते, आणि पहिल्या दोन-तीन मीटिंगांतच कोणीतरी तीन कोटेशनं टेबलावर टाकतं. सगळ्यात स्वस्त कोण? करा सही.

सही करू नका. आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. निगमच्या हद्दीत असाल तर गेटबाहेरच्या प्रवासासाठी खासगी एजन्सीला पैसे मोजण्याचं कारण बहुतेक सोसायट्यांना नसतं. पैसा जायला हवा तो दारापासून गेटपर्यंतच्या कामावर आणि ओल्या कचऱ्याचं आवारातच खत करण्यावर. एजन्सीवाले नेमकं उलटं विकतात: गाडी, ड्रायव्हर, डिझेल. वेगळं करणं आणि खत हे कोटेशनच्या तळाशी, बारीक अक्षरांत.

हद्द कोणाची, ते पहिल्यांदा बघा

हे विचारायला लाज वाटते इतकं साधं आहे, पण गाव चहूकडे वाढल्यामुळे घोटाळा इथेच होतो. पत्त्यावर इंदूर लिहिलं म्हणजे वस्ती निगमच्या हद्दीत असतेच असं नाही. राऊची नगर परिषद वेगळी, महू कॅन्टोन्मेंट वेगळं, आणि बायपासच्या पलीकडच्या कितीतरी टाउनशिप ग्रामपंचायतीत आहेत. मालमत्ता कराची पावती कोणाच्या नावाने फाटते ते पाहा. पावती निगमची असेल तर तुमचा वॉर्ड आणि झोन तिच्यावरच सापडेल.

दुसरी भानगड हस्तांतरणाची. काही कॉलन्या हद्दीत असतात, पण बिल्डरने त्या निगमला सोपवलेल्या नसतात. रस्ते, दिवे, ड्रेनेज सगळं अजून त्याच्याकडे. अशा ठिकाणी कचऱ्याची गाडी येते की नाही, आली तर आत शिरते की नाही, हे झोनल ऑफिसात जाऊन तोंडाने विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. सेल्स ऑफिसातल्या मुलाने "सगळं निगमचंच आहे सर" म्हटलं होतं, हे उत्तर धरायचं नाही.

पंचायतीच्या हद्दीत असाल तर तुमचा कागद वेगळा. तुम्हाला वाहतुकीसह पूर्ण सेवा विकत घ्यावी लागण्याची शक्यता जास्त, आणि पुढे 'जाऊन बघा' या भागात जे लिहिलंय ते तुम्ही दोनदा वाचा.

आठवडाभर वजन करा

कोटेशन मागवण्याआधी आपल्याकडे एक आकडा हवा: रोज किती किलो. तो नसला की समोरचा सांगेल तो आकडा खरा. बॅगा तोलायचा लटकणारा वजनकाटा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. गेटपाशी सात दिवस, गाडी यायच्या आधी, ओल्याचे डबे वेगळे आणि सुक्याचे वेगळे तोलायचे. वहीत तारीख, ओला, सुका, इतर. डब्याचं स्वतःचं वजन वजा करायला विसरायचं नाही. रविवार त्यात आलाच पाहिजे, कारण रविवारी पोह्यांपासून रात्रीच्या पार्सलपर्यंत सगळ्याची भर पडते. आंब्याच्या दिवसांत केलेलं वजन वर्षभराचं धरू नका. कोयी आणि सालींनी ओल्याचा आकडा भलताच चढलेला असतो.

ढोबळ अंदाज हवा असेल तर शहरी घरात माणशी दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम कचरा धरतात. चौघांचं घर म्हणजे दीड ते दोन किलो, त्यातला निम्म्याहून अधिक ओला. या हिशेबाने साठ घरांची मल्टी रोज १०० किलोच्या घरात जाते. आणि हा १०० चा आकडा महत्त्वाचा आहे.

१ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे केंद्रीय नियम लागू झाले. २०१६ च्या जुन्या नियमांची जागा त्यांनी घेतली. रोजचा कचरा १०० किलो किंवा जास्त, किंवा बांधकामाचं क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त, किंवा पाण्याचा वापर दिवसाला ४०,००० लिटर किंवा जास्त, यांतलं एकही लागू झालं की सोसायटी 'मोठी कचरा उत्पादक' ठरते. पाण्याचा निकष ऐकून माणसं हसतात, पण माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या पंच्याहत्तर घरांतच तो ओलांडला जातो. म्हणजे दोन टॉवरची साधी मल्टीसुद्धा यात येते, आणि तिथल्या समितीला वाटत असतं की हे नियम हॉटेल-हॉस्पिटलवाल्यांसाठी आहेत. मोठ्या उत्पादकाने ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा असतो. ते जमत नसेल तर निगमकडून तसं प्रमाणपत्र घेऊन जबाबदारी पार पाडायची. "आम्ही एजन्सीला दिलंय" एवढं म्हणून सुटका नाही.

म्हणून ती वही जपून ठेवा. एजन्सी नेमताना ती हिशेबाला लागेल, आणि उद्या निगमने विचारलं तर कागद म्हणूनही.

निगमकडून काय मिळतं, ते पूर्ण घ्या

निगम घरांकडून कचरा संकलनाचं शुल्क घेतो. तुमच्याकडे ते भरलं जातंय का, घराघराचं वेगळं की संघाचं एकत्र, याची पावती काढा. पैसे तिकडेही जातात आणि एजन्सीलाही, आणि दोन्हीकडून एकच काम, असं चालू असलेल्या मल्ट्या थोड्या नाहीत.

मग वॉर्डाच्या दरोग्याला भेटा. नव्यांना हा शब्द पोलीस ठाण्यातला वाटतो, पण इंदुरात सफाईच्या मुकादमालाही दरोगाच म्हणतात, आणि तुमच्या गेटवर गाडी किती वाजता येते ते सगळ्यात नेमकं त्यालाच ठाऊक असतं. त्याला विचारायचं: गाडी रोज येते का, किती वाजता, आवारात शिरून टॉवरखाली थांबेल का, रुंदी-उंची किती लागते. बेसमेंटच्या उताराच्या तोंडाशी कमान असेल तर गाडी आत शिरत नाही, आणि मग सगळं नियोजन फिरतं. बागेचा पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या, घराच्या कामाचा मलबा यांची व्यवस्था रोजच्या गाडीत नसते. त्यांचं वेगळं विचारा. तक्रारीसाठी निगमचं ३११ ॲप आहे. समितीतल्या एकाने ते मोबाइलवर घेऊन ठेवावं. प्रत्येकाने वेगवेगळी तक्रार टाकली की एकाच डब्याच्या पाच तक्रारी होतात आणि दरोगा वैतागतो.

निगमची गाडी वेगळं करण्याबाबत इतकी काटेकोर का, हेही समजून घ्या, म्हणजे सभेत सांगता येईल. गाडीत सहा प्रकारांसाठी जागा असते: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरगुती घातक. गाड्या ट्रान्सफर स्टेशनला रिकाम्या होतात आणि तिथून माल देवगुराडियाला जातो. १९ फेब्रुवारी २०२२ ला तिथे बायो-सीएनजीचा प्लान्ट सुरू झाला, दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा. त्याच्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या चालतात. या प्लान्टला पन्नी (प्लास्टिकची पिशवी), काच, वाळू चालत नाही. ओला कचरा साफ नसेल तर गॅसही कमी आणि यंत्रही बंद. म्हणून गाडीवरचा मुलगा डब्यात डोकावतो.

सकाळी गेटवर पाच मिनिटं उभं राहिलं तर सगळं दिसतं. गाडी थांबते, मुलगा हातमोज्यांतलं बोट ओल्याच्या डब्यात घालतो आणि साबुदाण्याच्या खिचडीखालून दुधाची पिशवी ओढून काढतो. "काकी, ये पन्नी अलग." काकी म्हणतात, "अरे, एकच तर आहे." तो पिशवी झटकून सुक्यात टाकतो आणि पुढच्या डब्याकडे वळतो. त्या पिशवीचा कापलेला तिकोनी तुकडा मात्र खिचडीतच राहतो. तो नखाएवढा तुकडा कोणाच्या हाताला लागत नाही. थेट खतात जातो आणि दोन वर्षांनी कुंडीत उगवतो. पिशवी कापताना टोक पूर्ण तोडायचं नाही, लटकत ठेवायचं. घराघरात सांगण्यासारखी ही एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन.

दारापासून गेटपर्यंत

आता खरी निवड. इंदुरातल्या मल्ट्यांत साधारण तीन तऱ्हा चालतात.

पहिली: ज्याने त्याने आपला डबा खाली आणायचा. वीस-पंचवीस घरांच्या, लिफ्ट असलेल्या मल्टीला ही उत्तम. खर्च शून्य, आणि ज्याचा कचरा त्याच्या हाती, म्हणून वेगळं करणंही आपोआप सुधारतं. अडचण वयस्कर माणसांची आणि सकाळी सातला कामावर निघणाऱ्यांची. शेजारधर्मावर चालत असेल तर चालू द्या. उगाच एजन्सी आणू नका.

दुसरी: संघाची स्वतःची हाउसकीपिंगची माणसं मजल्यावरून डबे उचलतात आणि गाडीत देतात. पन्नास ते दीडशे घरांना मला हीच सगळ्यात बरी वाटते. माणसं ओळखीची असतात, दुपारी झाडलोटही तीच करतात. फक्त त्यांच्या कामाच्या यादीत 'कचरा वेगळा करणे' असं लिहून त्यांच्यावर सगळं ढकलू नका. वेगळं घरातच व्हायचं. त्यांनी बघायचं, आणि मिसळलेला डबा दारातच ठेवून पुढे जायचं. तो अधिकार त्यांना समितीने उघडपणे द्यावा लागतो. नाहीतर सहाव्या मजल्यावरच्या साहेबांनी डोळे वटारले की बाई मुकाट्याने डबा उचलते.

तिसरी: बाहेरची एजन्सी, दारापासून शेवटपर्यंत. दोनशे-तीनशे घरांच्या टाउनशिपला, किंवा निगमची गाडी येतच नाही अशा ठिकाणी हिचा विचार करायचा. फायदा असा की हजेरी, सुट्ट्या, बदली माणूस ही डोकेदुखी त्यांची. तोटा असा की कचरा गेटबाहेर गेल्यावर कुठे जातो हे तुम्हाला दिसत नाही.

कुठलीही तऱ्हा घ्या, मजल्यावर सामायिक डबा ठेवू नका. जिन्याच्या कोपऱ्यातल्या मोठ्या डब्यात कोणी काय टाकलं याचा पत्ता लागत नाही, आणि आठवड्याभरात तिथे झुरळं येतात. घरोघरी वेगळे डबे, ठरलेल्या वेळी दाराबाहेर.

नव्या नियमांत घरातच चार भाग सांगितलेत: ओला, सुका, सॅनिटरी, आणि विशेष काळजीचा. शेवटच्यात जुनी औषधं, बल्ब-ट्यूब, रंगाचे डबे, बॅटऱ्या, पाऱ्याचा थर्मामीटर. चार डब्यांचं नाव काढलं की सभेत गलका होतो. रोजचे डबे दोनच लागतात. सॅनिटरी आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यायचे. विशेष काळजीचं घरातल्या एका खोक्यात साठवून महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी द्यायचं. इन्सुलिनच्या सुया मात्र कुठल्याही पिशवीत नकोत. जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण लावून. त्या टोचल्या की भोगतो तो उचलणारा.

खत आवारात करायचं का?

हो, शंभर किलोच्या वर असाल तर करायचंच. पण कशात करायचं यावर माणसं फसतात.

प्रदर्शनात एक चकचकीत मशीन असतं, "२४ तासांत खत". ते खत नसतं. कचरा तापवून, दळून, वाळवलेला भुगा असतो तो. त्याला पाणी लागलं की पुन्हा सडायला लागतो, वास मारतो, आणि झाडांना घातला तर मुळं जळतात. शिवाय विजेचं बिल. खताला दिवस लागतात: दळणारं मशीन घेतलं तरी पुढे मुरायला आठवडे, आणि साध्या टाक्यांत, हवा खेळत असेल आणि वेळच्या वेळी उलथापालथ होत असेल, तर महिना-दीड महिना. रोज शंभर किलो ओला म्हणजे महिन्याभराचा माल एका वेळी टाक्यांत असणार, हे धरून जागा काढा. तो आटतो, शंभर किलोचं शेवटी पंधरा-पंचवीस किलो खत उरतं, पण सुरुवातीला जागा लागतेच.

वासाचं कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असतं: ओल जास्त, सुका पाला कमी. आमटी-भाताचं पाणी निथळल्याशिवाय टाकीत घालू नका, आणि प्रत्येक थरावर वाळका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा. मूठभर माल हातात घट्ट दाबला तर बोटांत ओल लागावी, पाणी ठिबकू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हाच पोती भरून ठेवा. पावसाळ्यात वाळकं पान शोधायला गेलात तर मिळणार नाही. नारळाच्या शेंड्या-करवंट्या आणि आंब्याच्या कोयी टाकीत नकोत, त्यांना वर्षं लागतात. गणपतीच्या दहा दिवसांत निर्माल्याचा ढीग येतो. फुलं-दूर्वा छान कुजतात, फक्त हारातला दोरा, जर आणि थर्मोकोल आधी काढायला हवा. हे काम मुलांना दिलं तर ती आवडीने करतात.

एजन्सी खताचं काम घेणार असेल तर त्यांना एकच विचारा: तयार खत कोणाचं? काहीजण आपल्याच आवारात बनलेलं खत पोत्यांत भरून आपल्यालाच विकतात.

कोटेशन एकाच साच्यात मागवा

तीन एजन्स्यांना तीन वेगळ्या तऱ्हेचे कागद आणू देऊ नका. तुमच्या वहीतले किलो, घरांची संख्या, टॉवर, लिफ्ट, गाडी कुठवर येते हे एका पानावर लिहून द्या आणि तेच पान सगळ्यांना भरायला सांगा. त्यांनी भरायचं ते असं: माणसं किती आणि कोणत्या वेळेला, बदली माणसाची सोय, हातमोजे-बूट-रेनकोट कोणाचे, डबे कोणाचे, ओल्याचं काय करणार, सुकं कोणाला देणार, उरलेलं कुठे जाणार, आणि घरामागे महिन्याचा दर.

दर पाहताना आकडा नुसता पाहू नका, तो कशाचा आहे ते पाहा. समजा १२० घरं आहेत. एक एजन्सी घरामागे ६० रुपये मागते, दुसरी ९५. वरवर पाहता महिन्याला ४,२०० रुपयांचा फरक. पण पहिलीने दोनच माणसं दाखवलीत, आणि ७,२०० रुपयांत दोघांचा पगारसुद्धा निघत नाही. मग ती पैसे कुठून काढणार? एक तर माणसं अर्धा तास येऊन जाणार, नाहीतर तुमचा सगळा सुका माल विकून भरपाई करणार. दुसऱ्या गोष्टीत वाईट काही नाही, फक्त ती कागदावर यावी. पुठ्ठा, वर्तमानपत्रं, पेट बाटल्या, लोखंड यांना अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, रोख पैसे देतो, आणि हा पैसा कोणाचा यावर मल्ट्यांत भांडणं होतात. माझं मत विचाराल तर तो उचलणाऱ्या माणसांना द्यावा आणि तसं लिहून टाकावं. सुका कचरा स्वच्छ ठेवायचं त्यांना कारण मिळतं.

किमान वेतन, पीएफ, ईएसआय लागू असेल तिथे भरल्याच्या पावत्या मागा. एजन्सीने माणसांना बुडवलं तर ती आधी तुमच्याच गेटवर येतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

जाऊन बघा

साधे कपडे, जुने बूट, आणि समितीतले दोघे. एजन्सी आत्ता जिथे काम करते अशा दोन सोसायट्यांचे पत्ते मागा, पण तिथल्या सेक्रेटरीला फोन करून "कसं काय आहे" विचारण्याने काही कळत नाही. सकाळी गाडीच्या वेळेला न कळवता जा. ओल्याचा डबा उघडून पाहा. उचलणाऱ्याच्या हातांकडे पाहा, मोजे आहेत का. ते फाटके असतील तर कोटेशनमध्ये लिहिलेलं बाकी सगळंही तसंच असणार. तिथल्या बाईला विचारा, पगार किती तारखेला होतो.

खासगी गाडीने वाहतूक होणार असेल तर एक दिवस तिच्या मागे जा. यात अवघडून जायचं काही कारण नाही, त्यांना आधी सांगूनच जा. गाडी कुठे रिकामी होते, तिथे पाटी कोणाची आहे, वजनाची पावती मिळते का. शहराबाहेर रिकाम्या प्लॉटवर, नाल्याच्या काठी, जाळून, असे शेवट होतात, आणि कान्ह-सरस्वती नद्यांच्या नाल्यांत पावसाळ्यात जे वाहून येतं त्यातलं बरंचसं असंच आलेलं असतं. गोळा करण्याची आणि वाहून नेण्याची निगमची किंवा नगर परिषदेची लेखी परवानगी आहे का ते पाहा. "प्रोसेसमध्ये आहे" म्हणजे नाही.

सभेत

कचऱ्याच्या सभेला माणसं येतात, कारण प्रत्येकाला त्यावर मत असतं. दोन आक्षेप हमखास ऐकाल. एक काका उठून म्हणतील, "निगम शुल्क घेतो ना? मग आपण वर पैसे का द्यायचे?" त्यांना उडवून लावू नका, मुद्दा खरा आहे. निगम काय करतो आणि गेटच्या आत काय उरतं, हे त्यांना वहीतल्या आकड्यांनिशी दाखवा. दुसरा आक्षेप खताच्या टाकीच्या जागेवर: "माझ्या बाल्कनीखाली नको." टाकी ज्या बाजूला होणार तिथल्या चार घरांना सभेआधीच जाऊन भेटा, चालू असलेली एखादी टाकी दाखवून आणा. नीट चालणाऱ्या टाकीला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. तो एकदा घेतला की निम्मा विरोध मावळतो.

कामवाल्या मावश्यांनाही बोलवा. घरात डब्यात कचरा टाकणारा हात बऱ्याचदा त्यांचा असतो, आणि सूचनांचा कागद मात्र मालकांच्या व्हॉट्सॲपवर फिरतो. सूचना हिंदी-मराठीत, चित्रांसह, लिफ्टमध्ये लावा. पोह्याची पत्रावळ ओल्यात, पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याची पुडी सुक्यात, शेवेची पन्नी सुक्यात, पण आतला चुरा झटकून.

करार, आणि पहिले तीन महिने

वर्षाचा करार लगेच करू नका. तीन महिन्यांच्या चाचणीचा करा, दर तोच ठेवून. पहिला महिना वाईट जाणार हे धरा. माणसं वेळा चुकवतील, घरं डबे मिसळतील. बघायचं ते एवढंच की तिसऱ्या महिन्यात पहिल्यापेक्षा बरं आहे का. म्हणून वजनाची वही चालू ठेवा, आठवड्यातून एकदा पुरे. सुक्यात ओलं आणि ओल्यात पन्नी किती निघते, हे कोणत्याही पाच घरांच्या डब्यांत पाहून टिपा. फ्लॅट नंबर फळ्यावर लावू नका. लाज काढल्याने माणूस सुधारत नाही, रात्री गुपचूप शेजारच्या प्लॉटवर पिशवी फेकून येतो.

करारात या गोष्टी पाहिजेतच: उचलण्याची वेळ आणि ती चुकली तर त्या दिवसाचे पैसे कापणं, दिवाळी, धुळवड, रंगपंचमीला काम कोण करणार (इंदुरात रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक निघते, त्या दिवशी गाडीची आणि माणसांची वेळ आधीच ठरवावी लागते), मिसळलेला डबा न उचलण्याचा अधिकार, महिन्याच्या वजनाचा कागद आणि सुका माल कोणाला दिला त्याच्या पावत्या, माणसाला सुई किंवा काच लागली तर उपचाराचा खर्च कोणाचा, दर कधी आणि किती वाढेल.

एक गोष्ट बहुतेक करारांत सुटते. एजन्सी बदलायची वेळ आली तर एक महिन्याची नोटीस असते, पण टाक्यांत अर्धवट मुरलेला माल तसाच पडून राहतो. जुनी म्हणते, आमचं काम संपलं. नवी म्हणते, हे आमचं नाही. नोटिशीच्या दिवशी टाक्यांत नवं घालणं थांबवायचं, त्या महिन्यातला ओला कचरा निगमच्या गाडीत द्यायचा, आणि जुन्या एजन्सीने भरलेल्या टाक्या उलथून, मुरवून, चाळून रिकाम्या दिल्यावरच शेवटच्या महिन्याचं बिल द्यायचं. असं एक कलम घाला, आणि दरोग्याला त्या महिन्याची कल्पना आधी देऊन ठेवा, म्हणजे गाडीत जागा राहील.